भालेरावला कुणी हात लावला

शहेजादने खुर्ची पुढे ओढली, आपल्या लिव्हर-बटणांच्या पेटीची वायर मशीनला खोचली आणि बटणाकडे गेलेलं बोट मध्येच थांबवलं. पडद्यावर गेममधलं पात्र निवडायची पाटी आली होती. ओळीने मांडलेले चेहरे, आणि त्यातल्या एकाभोवती पिवळी चौकट लुकलुकत होती. या मशीनला बाकी काही लक्षात राहत नाही, पण शेवटी कुणाला, कुठल्या रंगात निवडलं होतं ते राहतं. चौकट भालेराववर होती.

भालेराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गेम परदेशी, नाव परदेशी, म्हणायला गेलं तर जिभेला कळ लागेल असं. पण हातात सहा फुटी भाला घेतलेल्या माणसाला नारायण पेठेत दुसरं काय म्हणणार? तेव्हा भालेराव. आणि भालेराव शहेजादचा, हे या तळघरात पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्या पोरालाही आधी सांगितलं जायचं. शहेजाद काल आला नव्हता आणि परवाही आला नव्हता.

"इथे कोण बसलं होतं रे?" त्याने मान न वळवता विचारलं.

उत्तरेश्वर टेबलामागे चहाचे कप विसळत होता. बार्शीहून पुण्याला शिकायला आलेला हा गडी, शिकायचं राहून गेलं आणि गेमिंगच्या तळघराचा मालक झाला. शहेजादची आणि त्याची दोस्ती कॉलेजपासूनची.

"कुणी ना कुणी बसतंच. खुर्च्या बसायलाच ठेवल्यात."

"भालेरावला कुणीतरी हात लावलाय."

कप विसळायचा आवाज थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला.

"चुकून लागला असेल."

"चुकून चौकट सरकते. अंगरखा बदलत नाही. माझा हिरवा असतो, हा निळा आहे."

यावर उत्तरेश्वर काही बोलला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. एरवी हा माणूस कशावरही बोलतो.

इथली एक रीत होती. तळघरात एकच मशीन होती आणि पोरं रांग लावून उभी राहायची, तेव्हापासूनची. घरी बसून ज्याने त्याने काय वाट्टेल ते खेळावं, पण इथे एकाचं पात्र दुसऱ्याने धरायचं नाही. हवंच असेल तर सगळ्यांसमोर, मोठ्याने मागायचं. ज्याचं असेल त्याने एक तर 'दिला' म्हणायचं, नाहीतर समोर बसून खेळायचं आणि हरला तर सोडायचं. न मागता धरणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून घरी जाण्यासारखं. आजवर असं कुणी केलं नव्हतं.

बरं, वेळ कोणती? बंगळूरच्या स्पर्धेला टीम पाठवायची होती. तीन माणसं, तिघांची तीन वेगळी पात्रं. शहेजाद, आमोद आणि तिघांत सगळ्यात नवी, स्पृहा. शुक्रवारी नावं द्यायची होती. कात्रजचा श्रीधर कधीपासून जागा मिळावी म्हणून घिरट्या घालत होता, आणि तो चांगला खेळायचा हे शहेजादलाही मान्य होतं. शहेजादने खुर्चीत बसल्या बसल्या हिशेब मांडला. स्पृहाने भालेराव उचलायचा, तिचं सोडलेलं पात्र श्रीधरने घ्यायचं, आणि शहेजादमियाँनी चष्म्याच्या दुकानात बसून लोकांचे नंबर तपासायचे. सगळं कसं चपखल बसत होतं.

त्याने भालेराव निवडला. हिरवा. फेरीची घंटा वाजायच्या आत त्याने लिव्हर दोनदा खाली दाबला. भालेराव दोनदा खाली बसून उठला. लहानपणी घराजवळच्या तालमीच्या खिडकीतून तो कुस्ती बघायचा, तिथले पैलवान आधी मातीला हात लावायचे. तिथून उचललेली सवय. याचा खेळाला काडीचा उपयोग नव्हता, पण त्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

कॉम्प्युटरशी खेळतानाही त्याला एक फटका बसला. दिसला होता. अडवायला हात उठला होता. तरी बसला.

"पडदा उशिरा दाखवतोय," तो म्हणाला.

"मागच्या महिन्यात नवा आणला ना बाबा तुझ्यासाठी."

"मग नवाही खराब आहे."

मागच्या स्पर्धेत तीन वेगवेगळ्या पोरांनी त्याला एकाच जागी मारलं होतं. तेव्हापासून त्याने पडद्यावर संशय घेतला, मग बटणांवर. बटणं बदलून झाली. मग वायरवर, मग खुर्चीच्या उंचीवर. मध्ये दोन दिवस विजेच्या दाबावरही घेऊन झाला. आता माणसांवर यायची वेळ आली होती एवढंच.

बुधवारी सकाळी स्पृहाच दुकानात आली. चष्म्याचं दुकान त्याच्या वडिलांच्या वेळचं, रस्त्याला लागून, बसायला दोन स्टुलं आणि मागे तपासणीची खोली. स्पृहा वारज्याहून स्कूटरवर कॉलेजला जायची. तिच्या चष्म्याची नाकावरची गादी निखळली होती. तिने चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि शहेजादचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं.

डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात पट्टी लावलेली होती.

भालेरावची भाल्याची फेक साधी नसते. लिव्हर अर्धा गोल फिरवून झटक्यात उलटा आणावा लागतो, आणि हात बसेपर्यंत बेचक्यात फोड येतो. शहेजादलाही आला होता. दुसऱ्या कुठल्याही पात्राला तिथे फोड येत नाही. स्पृहा खेळायची ती चिमणी, टुणटुण उड्या मारणारी. तिला तर बोटाची टोकं पुरतात.

"हाताला काय झालं?"

"भाजलं. तवा लागला."

"वारज्यात तवा बेचक्यात धरतात?"

ती हसली. जरा जास्तच हसली. त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि खाली मान घालून गादी बसवायला घेतली. काही बोलावं असं त्याला वाटत होतं. गेल्या वर्षी ही पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा तिला चौकट हलवायची ठाऊक नव्हती. बाकीची पोरं हसली होती. यानेच तिला शेजारी बसवून घेतलं होतं, सगळी पात्रं एकेक दाखवली होती, आणि तू चिमणी घे, तुझा हात हलका आहे, असं यानेच सांगितलं होतं. तेव्हाही तिचे डोळे भालेराववरून हलत नव्हते, ते आता आठवलं.

"उद्या दुपारी येताय ना, शहेजादभाई?"

"का?"

"असंच."

"उद्या नाही जमायचं," तो म्हणाला. हे त्याला स्वतःलाही आत्ताच कळत होतं. "मुंबईचा माणूस येतोय काचा घेऊन. दुपार त्यातच जाईल."

तिने चष्मा घातला. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. बाकी कुणाला ते दिसलंही नसतं, पण समोरच्याला नीट दिसतंय की नाही हे चेहऱ्यावरून ओळखण्यात शहेजादचा जन्म गेला होता. बरं झालं हा येत नाही, असं तिला वाटलं होतं. स्पष्ट.

घरी त्याने बायकोला, रुमानाला, सगळं सांगितलं. अंगरखा, पट्टी, उत्तरेश्वरचे कप, सगळं. ती मेथी निवडत होती.

"म्हणजे गेममधल्या माणसाचे कपडे कुणी बदलले म्हणून तुम्ही जेवत नाही आहात."

"कपड्यांचा प्रश्न नाहीये."

"एवढी पाळत दुकानावर ठेवली असती तर आपलं दुसरं दुकान झालं असतं." मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि आवाज खाली आणला. "तिला सरळ विचारा ना."

"चोराला सरळ विचारतात का?"

"चोर असेल तर नाही विचारत," रुमाना म्हणाली आणि मेथीकडे वळली.

गुरुवारी त्याने दुपारचं शटर ओढलं. मुंबईहून कुणी येणार नव्हतंच. तो चालत तळघराशी आला आणि जिन्यावर थांबला. दार लोटलेलं होतं. आतून लिव्हरची खडखड आणि भाल्याच्या फेकीचा तो कर्कश आवाज येत होता. हा आवाज तो झोपेतही ओळखेल. त्याने चपला काढून हातात घेतल्या. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं, लाजही वाटत होती, तरी तो दोन पायऱ्या उतरला आणि फटीतून बघू लागला.

स्पृहा त्याच्या खुर्चीत बसली होती. शेजारच्या मशीनवर आमोद. मागे हाताची घडी घालून उत्तरेश्वर. पडद्यावर निळा भालेराव उभा होता. घंटा वाजायच्या आत तो दोनदा खाली बसून उठला.

शहेजादने हातातल्या चपला घट्ट आवळल्या. पात्र घेतलं ते घेतलं, अगं, हेही? तालमीची ती खिडकी तुझी आहे का?

तो दार ढकलणार होता. पण फेरी सुरू झाली आणि त्याचा हात दारावरच राहिला. स्पृहाने एकदा भाला टाकला, दुसऱ्यांदा टाकला, तिसऱ्यांदा टाकला आणि मग आडवा धरायला हवा होता तो धरला, पण उशिरा. आमोदने आत शिरून मारलं. दुसरी फेरी. पुन्हा तेच, तिसऱ्या फेकीनंतर उशीर. तिसऱ्यांदा पुन्हा तसंच. एवढ्या हलक्या हाताची पोरगी, तिला दिसत नसेल? तिला दिसत होतं. ती मुद्दाम मार खात होती.

"परत," ती म्हणाली. "आमोद, जरा उशिरा ये. बघू, तेव्हा तरी हात पोचतो का."

"नाही पोचत," उत्तरेश्वर म्हणाला.

शहेजादने दार ढकललं. तिघंही एकदम वळले. त्याच्या हातात चपला होत्या आणि त्या कुठे ठेवाव्यात हे त्याला कळेना.

"हवा होता तर मागायचा," तो स्पृहाला म्हणाला. "मोठ्याने. मी काय खाल्लं असतं तुला?"

"मला नकोय तो," ती उठत म्हणाली.

"नकोय म्हणून बोटं फोडून घेतलीस?"

आमोदने लिव्हरवरचा हात मांडीवर घेतला. शेवटी उत्तरेश्वर पुढे आला.

"तिला नको बोलूस. माझं ऐक. उद्या नावं द्यायचीत. तुझं द्यायचं की श्रीधरचं, हे मी ठरवत होतो."

म्हणजे संशय खोटा नव्हता, फक्त माणूस चुकला होता. शहेजाद त्याच्याकडे बघत राहिला. या माणसाच्या लग्नात तो बार्शीला तीन दिवस राबला होता.

"तू?"

"मी. तीन पोरांनी एकाच जागी मारलं तुला. बंगळूरच्या पोरांनी ते बघितलं नसेल असं वाटतं तुला? मी म्हटलं, संपलं. ही म्हणाली, थांबा. चार दिवस द्या, मी शोधून काढते. नुसतं बघून कळेना, म्हणून तुझ्यासारखंच, तुझ्याएवढाच उशीर करत खेळून बघत होती. रीत मोडली, मान्य. परवानगी मी दिली."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पडदा खराब आहे," स्पृहा म्हणाली.

आमोदला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं.

"मी एवढा उशीर करत नाही," शहेजाद म्हणाला.

"करता."

"ऊठ रे." त्याने आमोदला उठवलं आणि त्याच्या जागी बसला. "खेळ. माझ्यासारखंच. मुद्दाम वाईट खेळलीस तर मला कळेल."

निळा भालेराव दोनदा खाली बसला. घंटा वाजली. पहिली फेक आली, ती त्याने चुकवली. हे त्याचंच अंतर होतं, त्याचाच ताल. ही पावलं तो आतून ओळखत होता, पण समोरून कधी बघितली नव्हती. दुसरी फेक. तिसरी. आणि मग ती मोकळी जागा. केवढी मोठी होती! दुकानाचं शटर उघडं टाकून मालक जेवायला जावा, तशी. त्याने सहज आत शिरून मारलं. पुन्हा मारलं. पुढच्या फेरीत त्याने मारलं नाही, नुसतं बघितलं. भाला येत होता, पण उशिरा येत होता. दर वेळी तेवढ्याच उशिराने. यात उगीच वाढवलेलं काही नव्हतं. एखाद्याने आपल्या आवाजात बोलून दाखवावं आणि आपण म्हणावं की मी असा बोलत नाही, आणि मग कळावं की बोलतो, तसं झालं.

पडदा चांगला होता. बटणंही चांगली होती. विजेचा दाब तर कधीच वाईट नव्हता.

"मला वाटलं सवय असेल," स्पृहा हळूच म्हणाली. "सवय असती तर मोडता आली असती."

"आणि?"

ती बेचक्यातली पट्टी नखाने उचकटत राहिली. "सवय नाहीये ती, शहेजादभाई. डोळ्यांना दिसतं तुम्हाला. सगळ्यांच्या आधी दिसतं. तुम्ही दाबता तेही बरोबर. फक्त..."

"हात पोचत नाही," त्याने वाक्य पुरं केलं.

अडतिसाव्या वर्षी माणूस म्हातारा होत नाही. दुकानात कुणी म्हटलं असतं तर तो हसला असता. पण इथे एका सेकंदाचे साठ तुकडे होतात, आणि त्याला आता चारदोन तुकडे जास्त लागत होते. त्याला रडू येईलसं वाटलं, म्हणून त्याने चपला नीट खुर्चीखाली ठेवल्या. त्यात थोडा वेळ गेला.

"आवडला का?" त्याने विचारलं.

"काय?"

"भालेराव. खरं सांग."

तिने उत्तरेश्वरकडे बघितलं, आमोदकडे बघितलं. मग मान डोलावली.

"मग माग. इथली पद्धत आहे."

"नको ना."

"मागितल्याशिवाय देता येत नाही. मोठ्याने."

"शहेजादभाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, "मला भालेराव हवाय."

"दिला."

उत्तरेश्वरने तोंड फिरवलं आणि कुणीही चहा मागितला नव्हता तरी चहा ठेवला. न खेळता 'दिला' म्हणणारा माणूस या तळघराने बघितला नव्हता. शहेजादने पेटी मांडीवर घेतली आणि पुन्हा ती पाटी काढली. ओळीने मांडलेले चेहरे. त्याने चौकट एकेकावरून सरकवत नेली. हा जलद, नको. हा त्याहून जलद. ही तर नकोच. रोज गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत तो विचारायचा, पहिलं स्पष्ट की दुसरं? आज स्वतःला विचारत होता आणि काहीच स्पष्ट दिसत नव्हतं.

शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात, वस्ताद होता. आडवा देह, पिकलेली मिशी, चालणं असं की समोरचा तोवर चहा पिऊन येईल. तळघरात त्याला कुणी धरलेलं नव्हतं. हातात काही नाही, लांबून मारता येत नाही, उडी नाही. समोरचा आता काय करील हे आधीच ओळखून नेमका त्या वेळी पकडायचं, एवढंच त्याला येतं.

"वस्ताद?" आमोद म्हणाला. "त्याला घाई चालत नाही. समोरच्यावर सतत संशय घेत बसावं लागतं."

कुणी काही बोलायच्या आत टेबलामागून उत्तरेश्वरचा आवाज आला.

"मग शोधत काय होतात? संशय घ्यायला याच्याइतका माणूस अख्ख्या पुण्यात नाही."

पहिला हसला तो शहेजाद. मग बाकीचे हसले, जरा घाबरतच.

"तुझ्याशी मी अजून बोलत नाहीये," तो उत्तरेश्वरला म्हणाला.

"नको बोलूस. चहात साखर किती?"

पहिल्या फेरीत वस्तादने नुसता मार खाल्ला. दुसरीतही तेच. स्पृहा खरीखुरी खेळत होती, तिने तो उशीर काढून टाकला होता, आणि भालेराव तिच्या हातात काय देखणा दिसत होता! शहेजादला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम कसं वाटतं हे कळेना. तिसऱ्या फेरीत तो हललाच नाही. तिची पहिली फेक अंगावर घेतली. दुसरी घेतली. या पोरीला आता तिसरी टाकायचा मोह होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला कितीदा झाला होता. भाला सुटायच्या आधीच वस्तादचे हात पुढे गेले आणि भालेराव उचलला जाऊन जमिनीवर आदळला.

"अहो!" स्पृहा ओरडली. "तुम्हाला कसं कळलं?"

उत्तरेश्वर कप घेऊन आला आणि खुर्चीमागे उभा राहिला. चहा त्याच्या हातातच राहिला.

"उद्या संध्याकाळपर्यंत नावं द्यायचीत," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "तुझ्या नावापुढे काय लिहू?"

"आधी ही फेरी बघ," शहेजाद म्हणाला. "आणि पडदा जरा उशिरा दाखवतो, हे तुला सांगून ठेवतो."

"दाखवतो, बाबा, दाखवतो."

पडद्यावर दोघं समोरासमोर येऊन उभे राहिले. घंटा अजून वाजायची होती. शहेजादने लिव्हर दोनदा खाली दाबला, आणि वस्ताद आपला तो अवजड देह घेऊन दोनदा खाली बसून उठला. त्याने शेजारी बघितलं नाही. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला निळा भालेरावही दोनदा खाली बसला.